जिन्याखालचं कपाट : एका वर्षाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

तिळगूळ द्यायला तिसऱ्या मजल्यावर गेले तर काकूंनी मला कपाटच देऊन टाकलं. ते दोघं आता पुण्याला मुलाकडे चाललेत, कायमचे, फ्लॅट विकलाय, आणि दारातच ते जुनं लोखंडी कपाट, पाच खणांचं, शेजारी गोणपाटात बांधलेली पुस्तकं. रद्दीवाला किलोचा भाव सांगून गेला होता, तो ऐकून काकांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणे. "तुम्ही हिशोबातल्या बाई, तुमच्याकडे नीट राहील," काकू म्हणाल्या. आता मी घरात बसून लोकांची जीएसटी रिटर्न भरते, बुक्स म्हणजे माझ्यासाठी कॅशबुक आणि बँकबुक, पण काकांचं तोंड बघून नाही म्हणवेना.

आमच्या घरात जागा शून्य. जिन्याखाली एक मोडका पाळणा आणि तीन सायकली आहेत. सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले मीटिंगमध्ये विषय घेऊ, म्हणजे झालं कल्याण. वॉचमनदादांना विचारलं तर त्यांनी पाळणा उचलून बाजूला केला. विषय संपला.

१९ जानेवारी, रविवार

कपाट घासलं. वायर ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वरून हिरवा ऑइलपेंट, कारण साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या दुकानात तोच अर्धा डबा स्वस्तात मिळाला. नवरा म्हणाला एसटीच्या डेपोतलं वाटतंय. वाटू दे. खर्च ६४० रुपये, स्वतःच्या खिशातून, किर्दीत "करमणूक" खाली टाकला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर कंदी पेढे वाटून कपाट उघडलं. पुस्तकं मोजली, १४३. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, शेतीची चार, होमिओपॅथीची दोन, ज्योतिषाचं एक (ते पंधरा मिनिटांत गेलं), बाकी कथासंग्रह आणि नाटकं. एक मोठं रजिस्टर घातलं: तारीख, पुस्तक, कोणी नेलं, कधी आलं. मुदत नाही, दंड नाही, फक्त नोंद पाहिजे, एवढा एकच नियम. पेन सुतळीने बांधलं.

पहिल्याच दिवशी नऊ गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मात्र "मला नाही बाई वाचायची आवड, दोन ओळी वाचल्या की डोळे मिटतात" म्हणाल्या आणि दोन पेढे घेऊन वर गेल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

पेन चोरीला गेलं. सुतळी आहे, पेन नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, लेकीच्या शाळेत ग्रंथदिंडी होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, आई रजिस्टरमध्ये तुझं नाव एकदाही नाहीये. खरंच की. एक महिना झाला, मी सगळ्यांची येणी-देणी लिहितेय आणि स्वतः एक पान उघडलेलं नाही. शेवटचं पुस्तक कधी वाचलं आठवायला बसले तर बाळंतपणात, म्हणजे तेरा वर्षं झाली. मधल्या काळात काय वाचलं, तर नोटिफिकेशनं, बँक स्टेटमेंटं, आणि व्हॉट्सॅपवर लोकांच्या सुना कशा वागतात ते.

एक पातळ कथासंग्रह स्वतःच्या नावावर लिहिला. तिसऱ्या पानावर झोप. वहिनींना हसायला नको होतं.

२३ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी पाडवा, म्हणून माळा काढला. नवऱ्याला एकदा साफसफाईचं अंगात आलं की तो थांबत नाही, त्याने माळ्यावरची एक पिशवी भरून पुस्तकं परस्पर कपाटात नेऊन लावली, ना यादी ना नोंद. भांडण झालं. तो म्हणतो वीस होती, मी जाऊन मोजली तर एकोणीस. तो मोजण्यात कच्चाच आहे. १४३ अधिक १९, एकूण १६२.

पेन नंबर तीन गेलं. आता पेन्सिल.

२० एप्रिल, रविवार

आज जीएसटीची तारीख, त्यामुळे सकाळपासून फोन. रात्री नऊला मोकळी झाले आणि राजवाड्यावर भेळ खायला गेलो चौपाटीवर. भेळेचा कागद वाचायची माझी जुनी सवय, लहानपणी बाबा ओरडायचे, आधी खा मग वाच म्हणून. आजच्या कागदावर अर्धी कोडी आणि विहिरीत पडलेल्या बिबट्याला काढल्याची बातमी, पण शेवट तेलात गेला. बिबट्या निघाला का नाही कळलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. तर माझी वाचायची भूक मेली नाहीये, जागा बदलली तिने.

कपाटात नवीन आवक: मराठी विश्वकोशाचा पहिला खंड, १९७६ चा. तळमजल्यावरच्या आजोबांनी आणून दिला. ते वाईचे, आणि विश्वकोशाचं काम वाईतच चालायचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, त्यामुळे आजोबा त्या खंडाबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात. पुढचे खंड? "अ पुरे आहे मला," म्हणाले. दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सही करून परत घेऊन गेले. रोज दुपारी अंजीर, अडुळसा, अफू असं काहीतरी वाचतात आणि संध्याकाळी बाकावर बसून सगळ्यांना सांगतात. बिल्डिंगमधल्या पोरांना "अ"वरून सुरू होणारं सगळं येतं आता.

४ मे, रविवार

भिलारला जाऊन आलो. कपाट चालवतेय तर पुस्तकांचं गाव बघायलाच हवं असं लेकीचं म्हणणं, माझं म्हणणं स्ट्रॉबेरीचं. पसरणीचा घाट, पाचगणी, पुढे भिलार. २०१७ साली आजच्याच तारखेला हे गाव सुरू झालं हे तिथे गेल्यावर कळलं. घराघरांत पुस्तकं आहेत, एका घरात इतिहास, एका घरात कविता, एकीकडे बालसाहित्य, बाहेर पाटी, आत खुर्च्या, आपण जायचं आणि बसून वाचायचं, पैसे नाहीत. मी ज्या घरात बसले तिथल्या काकू ओटीवर डाळ निवडत होत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या. हे मला फार आवडलं. कोणी "घ्या की चहा" पण म्हणालं नाही पहिली वीस मिनिटं. सलग चाळीस पानं झाली, तेरा वर्षांतला रेकॉर्ड.

तिथून एक अक्कल घेऊन आले: बसायला जागा पाहिजे. नुसतं कपाट म्हणजे गोडाऊन. जिन्याखाली दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्या आणि आजोबांनी एक मोडा दिला.

२७ मे, मंगळवार

वाईट दिवस. आपण सात जूनची वाट बघणारी माणसं, पण यंदा पाऊस २५ मेलाच महाराष्ट्रात शिरला आणि त्याच्याही आधी आठवडाभर वळवाने झोडपलेलं. काल रात्री जिन्याच्या खिडकीतून पाणी आलं, गच्चीचं पाणीही जिन्यानेच उतरलं, आणि खालचा खण पूर्ण भिजला. ३१ पुस्तकं. दादांनी पहाटे पाचला दार वाजवलं, "ताई, पुस्तकं पवायला लागली ओ."

सकाळपासून कामाला हात लावला नाही. जे शिकले ते लिहून ठेवते, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. उन्हात टाकायची नाहीत, ऊन नव्हतंच म्हणा, पण असलं तरी नाही, पानं वाकडी होतात आणि बांधणीचा डिंक सुटतो. पुस्तक उभं करायचं, पंख्यासारखं थोडं उघडून, आणि दर दहा-पंधरा पानांनी वर्तमानपत्राचा कागद, तो दोन-दोन तासांनी बदलायचा. गुळगुळीत चकचकीत कागदाचं पुस्तक असेल तर ते सगळ्यात आधी घ्यायचं आणि ओलं असतानाच पानं सुटी करायची, कारण एकदा वाळलं की वीट. हे मला उशिरा कळलं आणि फोटोंचं एक सुंदर पुस्तक गेलं.

जिन्यात चार घरांचे टेबलफॅन लागले. सगळ्यात मोठा फॅन वहिनींचा, आणि त्या स्वतः दुपारी दोन ते पाच मोड्यावर बसून कागद बदलत होत्या. "मला काय वाचायचं नाही, पण नुसतं बसून करायचं काय." मी वरून चहा आणला आलं घालून. बाहेर धो धो, जिन्यात सात-आठ माणसं खाली मान घालून ओली पानं उलटतायत, आणि मध्येच कोणीतरी थांबतं, पाच मिनिटं हलतच नाही. कागद बदलायचा विसरून वाचत बसलेलं असतं. तीनदा ओरडले. चौथ्यांदा मीच सापडले.

१५ जून, रविवार

अंतिम हिशोब: ३१ भिजली, २७ वाचली, ४ गेली. विश्वकोशाचा खंड धरून शिल्लक १५९. वाचलेली फुगलीत, आधीच्या जागेत मावत नाहीत. कपाट विटांवर चढवलं, मागे थर्माकोल, प्रत्येक खणात कडुलिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाचे तुकडे, आणि बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या, बिल्डिंगभर मागून ४४ जमवल्या. डांबरगोळ्या नकोत असं आजोबांचं मत, वासाने त्यांना पुस्तक न वाचता ठेवून द्यावंसं वाटतं.

१३ जुलै, रविवार

परवा ११ तारखेला आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, जिल्ह्यातला प्रतापगडही त्यात, आणि कपाटातली किल्ल्यांवरची दोन्ही पुस्तकं अर्ध्या तासात गायब. रीतसर नोंदीसकट. वेटिंग लिस्ट करावी लागली, पाच नावं. पाचवं नाव दादांचं. ते जावळीतले, प्रतापगडाच्या पायथ्याजवळचं गाव. त्यांना म्हटलं तुम्हाला काय वाचायची गरज, तुम्ही तर तिथलेच, तर म्हणाले, "आमी चढलोय ताई, पन लिवणाऱ्यानं काय लिवलंय ते बगाया नको व्हय?"

नंबर मी पुढे केला. हिशोबात असं करत नाही मी, पण केला.

२४ जुलै, गुरुवार

लाइट गेली साडेसातला ती अकराला आली. लॅपटॉप बंद, नेट बंद. मेणबत्तीवर किडे येतात म्हणून इमर्जन्सी लाइट घेतला आणि मुसळधार पावसात जाडजूड ग्रामीण कादंबरी उघडली जी मी महिनाभर उशाला ठेवून नुसती धूळ झटकत होते. अडीच तास. नवऱ्याने कणसं भाजली गॅसवर, लिंबू-मीठ लावून, त्यातलं एक माझ्या हातात कधी आलं आणि कधी संपलं कळलं नाही, पान ९२ वर तिखटाचा अंगठा उमटलाय माझा. लाइट आली तेव्हा वैताग आला. लाइट आल्याचा वैताग!

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. मंडपाचे बांबू कपाटाच्या दाराला टेकलेत, दार उघडत नाही. सुट्टी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

इन्कमटॅक्सची तारीख यंदा ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती, आणि काल रात्री उशिरा अजून एक दिवस वाढली. लोकांना वाटतं तारीख वाढली की आम्ही सुखी. तारीख वाढली की लोक कागद द्यायचे थांबतात. दीड महिना मी एक ओळ वाचलेली नाही. आज शेवटचं रिटर्न भरून रात्री खाली जाऊन खुर्चीत नुसती बसले. आजोबांचा खंड बाकावर राहिला होता, उघडला, "अडुळसा" निघालं, तेच वाचलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी. वह्या, पेन्सिली, शार्पनर १२ टक्क्यांवरून शून्य, खोडरबर ५ वरून शून्य. छापील पुस्तकावर जीएसटी आधीपासूनच नाही, हे कोणाला सांगितलं की विश्वास बसत नाही, मग पुस्तकं एवढी महाग का विचारतात. त्याला कागद, छपाई, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन अशी मोठी कहाणी आहे, आणि ती मी सांगायला लागले की लोकांना अचानक दूध आणायचं आठवतं. करमुक्तीच्या आनंदात कपाटासाठी पेन्सिलींचं पाकीट घेतलं. वर्षभर पुरेल.

२८ सप्टेंबर, रविवार

पाकीट गेलं.

५ ऑक्टोबर, रविवार

कासला गेलो. फुलांचा बहर सरत आलेला, पण धुकं होतं आणि तेरड्याचा गुलाबी पट्टा अजून जागेवर होता. पुस्तक नेलं होतं पिशवीत, उघडलं नाही. तेही बरंच झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मोठा घोटाळा उघड झाला. दिवाळीची भाजणी करायची म्हणून सासूबाईंचं पाककृतीचं पुस्तक शोधायला माळ्यावर चढले. मुखपृष्ठ नाही, पहिली बारा पानं नाहीत, त्यामुळे नाव-गाव काही माहीत नाही, पण प्रत्येक पानावर त्यांची पेन्सिल. छापलेल्याच्या शेजारी त्यांच्या दुरुस्त्या, "एवढा गूळ लागत नाही", "हे ह्यांना आवडत नाही", "लिहिणारीने कधी केलेलं दिसत नाही". गुळपोळीच्या पानावर चार मिरे कुटून घालावेत असं लिहिलंय, आमच्या घराशिवाय मी कुठे खाल्ली नाही तशी गुळपोळी. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

पुस्तक नाही. आणि मग डोक्यात उजेड पडला, मार्चमधलं विसावं पुस्तक. नवरा मोजण्यात कच्चा नव्हता. मी मोजायला खाली जाईपर्यंत ते कोणीतरी उचललेलं होतं, नोंद न करता.

नवरा काही बोलला नाही. मीही बोलले नाही. त्याचीच आई.

चिठ्ठी लावली कपाटावर: ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया ठेवून जावं, काही विचारणार नाही. भाजणीचं म्हणाल तर भाजणीच्या रिकाम्या डब्यात तळाशी त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली, तांदूळ चार, हरभराडाळ दोन, उडीदडाळ एक, धणे-जिरे "हाताने". त्यावर भागवलं. चकल्या बऱ्या झाल्या. काट्याला जरा कमी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन, कलामसाहेबांची जयंती. पोरांनी ठरवलं की जिन्यात बसून सगळ्यांनी अर्धा तास वाचायचं, मोबाइल टोपलीत. सेक्रेटरी आले, सोसायटीच्या जागेत कार्यक्रमाला परवानगी लागते म्हणाले, मग कोणीतरी त्यांना खुर्ची दिली आणि हातात ते होमिओपॅथीचं पुस्तक. पाऊण तास उठले नाहीत. टोपलीतला सगळ्यात जास्त वाजणारा फोन त्यांचाच होता.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

दिवाळी अंक आले. एकेक अंक तीनशे-चारशेला, म्हणून सहा घरांनी एकेक घेतला आणि कपाटात टाकला, एकाच्या किमतीत सहा. १९०९ साली का. र. मित्रांनी "मनोरंजन"चा दिवाळी अंक काढला तिथून ही चाल पडली असं आजोबा सांगत होते. ("म"चं त्यांना कसं माहीत असं लेकीने विचारलं.) माझी दिवाळी अशी: सकाळी सात, सगळे झोपलेले, गार वारं, चहात बुडवलेली शंकरपाळी आणि नवा अंक, ज्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पहिला वास माझा.

चिठ्ठीला उत्तर नाही. मनात संशयितांची यादी तयार आहे, चार नावं. सगळी वाचणाऱ्यांची.

३० नोव्हेंबर, रविवार

थंडी. या महिन्यात रजिस्टरमध्ये माझी चार नावं. बाकी लिहिण्यासारखं नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

वार्षिक रिटर्नची शेवटची तारीख, रात्री दहाला संपलं, मग खाली जाऊन कपाटाची मोजदाद. शिल्लक १५९, वर्षात लोकांनी दिलेली ११, एकूण १७० पाहिजेत. कपाटात १२१, बाहेर नोंदलेली ४४, बेरीज १६५. पाचांचा मेळ लागत नाही. अंक वेगळे. वर्षभरात एकूण ३१२ नोंदी, त्यातल्या माझ्या १७. सासूबाईंचं पुस्तक हिशोबात कधी आलंच नव्हतं त्यामुळे ते येण्यातही धरता येत नाही, हा तांत्रिक मुद्दा फार टोचतो.

४ जानेवारी २०२६, रविवार

साहित्य संमेलन साताऱ्यात, नव्व्याण्णवावं, शाहू स्टेडियमवर, १९९३ नंतर पहिल्यांदा गावात. चार दिवसांत तीनदा गेले. भाषणं थोडी ऐकली, खरा जीव पुस्तकांच्या स्टॉलवर. दादा ड्यूटी बदलून आले होते, त्यांनी आयुष्यातलं पहिलं विकतचं पुस्तक घेतलं, किल्ल्यांचं, आणि पिशवी नको म्हणाले, हातातच धरून रिक्षात बसले. आजोबांना व्हीलचेअरवरून नेलं. वहिनी पण आल्या, "गर्दी बघायला". पाककृतींच्या स्टॉलपाशी बराच वेळ उभ्या होत्या, काही घेतलं नाही. मी बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही, इतकी मी हुशार.

१४ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी वहिनींकडून डबा आला, लेकीने आणून दिला. गुळपोळ्या, पाच. तूप घातलं, पहिला घास घेतला, तीळ, खमंग भाजलेलं बेसन, वेलची, आणि मग अगदी शेवटी, गिळल्यावर, घशाशी बारीकसं चुरचुरलं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्याने दुसरी पोळी घेतली, मग तिसरी. लेक म्हणाली आजीची पोळी आहे ही. तिला आजी धड आठवतसुद्धा नाही, सात वर्षांची होती.

वर जाऊन विचारावं म्हणून उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले. काही विचारणार नाही असं मीच लिहिलंय चिठ्ठीवर, ती अजून चिकटलेली आहे. आणि ज्या बाईचे दोन ओळींत डोळे मिटतात तिने ती बारीक पेन्सिल, तीही समासात आडवी-तिडवी लिहिलेली, मिऱ्यांपर्यंत वाचली.

डबा रिकामा कसा द्यायचा. धुवून पुसून त्यात तिळाचे लाडू भरले, आणि लाडवांच्या खाली भाजणीच्या चिठ्ठीची झेरॉक्स घडी करून ठेवली. मूळ चिठ्ठी माझ्याकडे. लेक डबा देऊन आली. वहिनी काय म्हणाल्या विचारलं, तर "काही नाही, दारातच उघडून बघितला आणि दार लावून घेतलं."

रजिस्टरचं नवं पान सुरू केलं. कपाटाची खालची बिजागरी कुरकुरतेय, तेल घालायचंय. पेन्सिल आणायची.